पुढे सराव, मागे सराव

गजूभाऊ सावे यांना "बरं आहे ना?" असं विचारणं हे सोपं काम नव्हतं. ते आधी म्हणायचे, "निरोप मिळाला : बरं आहे ना." मग जरा थांबून, "उत्तर : बरं आहे." आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभे. नवखा माणूस हसून पुढे निघाला की मागून हाक यायची, "अहो, पोच द्या की!" "मिळालं, गजूभाऊ, उत्तर मिळालं," असं म्हटल्याशिवाय आमच्या शिरगावात त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे.

लग्नाच्या पंगतीत वाढपी "भात?" म्हणायचा. गजूभाऊ त्याचा प्रश्न त्याला परत ऐकवायचे, मग होकार द्यायचे, मग होकाराची पोच मागायचे. तोवर वाढपी पंगतीच्या टोकाला पोचलेला असे. एकदा तर ताक आलं तरी यांच्या पानात भात नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

कोळीवाड्यातली जाईबाई टोपली घेऊन दारावर यायची. "बोंबलाचा वाटा हाय, ताजा," ती म्हणायची. "परत सांगा," गजूभाऊ म्हणायचे, कारण निरोप दोनदा ऐकल्याशिवाय पक्का धरायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. जाईबाईला वाटायचं वाटा लहान वाटतोय. ती दोन बोंबील वर टाकून तेच परत सांगायची. गजूभाऊ पुन्हा "परत सांगा." आणखी दोन. "दिसाया गरीब हाय, पन घासाघीस करावी तं त्यानं," असं ती गावभर सांगायची. शेजारपाजारच्या घरांत आपल्यापेक्षा कमी मासळी का येते, हे गजूभाऊंना कधीच कळलं नाही.

त्यांचं घर आमच्या वाडीला लागून. मी शिरगावच्या शाळेत मास्तर, आणि मला शब्दांची भारी हौस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात या हौसेचा वाटा आहे.

गजूभाऊ जन्मभर पोस्टात तारबाबू होते. पेन्शनीत निघाल्यावर माणसं देवधर्म करतात, नाहीतर सुनांच्या कागाळ्या करतात. यांना सून नव्हती. यांनी मुंबईला जाऊन परीक्षा दिली आणि हौशी बिनतारीचा परवाना आणला. म्हणजे घरात बसून, तारेशिवाय, हवेतून कडकट्ट करून दूरच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं. दर रविवारी सकाळी नऊला सराव. गजूभाऊ परसात एक उंच बांबू उभा करायचे, त्याच्या टोकापासून माडाच्या शेंड्यापर्यंत वायर ताणायचे आणि ओटीवरच्या टेबलाशी बसून माटुंग्याच्या कृष्णमूर्तींना हाक घालायचे. या कृष्णमूर्तींना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "हात जड आहे त्यांचा," ते कौतुकानं म्हणायचे, "गृहस्थ चांगला जाडजूड असणार."

तेव्हा तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरत होती. आमच्याकडे विजेचे खांब आले होते, वीज यायची होती. म्हणून गजूभाऊ बोईसरला गेले आणि एका ट्रकवाल्याकडून जुनी बॅटरी घेऊन आले. तो बिचारा बजावत होता, "बाबूजी, ये गाड़ी की बैटरी है, आपके बाजे की नहीं. कभी भी धोखा देगी." गजूभाऊंनी त्याच्याकडूनही ते परत वदवून घेतलं आणि पोच दिली. ऐकलं मात्र नाही. ती बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यांनी बोईसरहून शिरगावापर्यंत चालत आणली.

आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्या वायरीवर लुगडं वाळत घातलं. गजूभाऊ कुंपणापाशी आले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या लुगड्यापायी माटुंग्याला माझा आवाज ओला जातोय."

गाव हसायचं. मीही हसायचो. फक्त माझे वडील, आबा, हसत नसत. एकदा मी फारच टिंगल केली तेव्हा त्यांनी मला वाडीत, माडाच्या सावलीत बसवून सांगितलं.

गजूभाऊ तरुणपणी दूरच्या एका गावी तारबाबू होते. बायको पहिल्या बाळंतपणाला डहाणूला माहेरी गेलेली. वादळ आलं, तारा तुटल्या, तीन दिवस सगळं बंद. चौथ्या दिवशी तार जोडली गेली आणि तुंबलेले निरोप एकामागून एक यायला लागले. टेबलाशी हे एकटेच. सातवा की आठवा निरोप यांच्याच नावाचा आला : पत्नी अत्यवस्थ, लगेच या. यांनी तो लिहिला, पोच दिली. रांग थांबवता येत नाही. पुढचा निरोप कोणा व्यापाऱ्याचा होता, त्याच्या पुढचा कोणाच्या तरी लग्नाचा आशीर्वाद. तेही लिहिले. आणि मग आला, बायको आणि मूल दोघंही गेल्याचा. तोही यांनी आपल्या हातानं लिहिला आणि त्याचीही पोच दिली.

"त्याला येकच पायजे हाय," आबा म्हणाले. "तारा तुटल्या तरी येक निरोप त्याच्या हातून टायमात पोचला पायजे. येकच. मग तो मरायला मोकला."

मला लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून मी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो. सरावासाठी खोटे निरोप लागत, ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. गजूभाऊ स्वतः लिहीत ते निरोप असे असत : हवा चांगली आहे, नारळ बरे धरले आहेत. छे! संकटाचा सराव आणि नारळ? मी हात मोकळा सोडला. पूर आणले, आगी लावल्या, वैतरणेच्या पुलावर गाड्या अडकवल्या. आणि एका रविवारी लिहिलं : शिरगावची होडी बुडाली, सात माणसं बेपत्ता, मदत पाठवा.

कडकट्ट वाजवायच्या किल्लीवर हात ठेवण्याआधी निरोप मराठीत मोठ्यानं वाचायचा, हाही गजूभाऊंचा नियम. त्यांनी वाचला. दारात जाईबाई टोपली उतरवत होती. तिचा नवरा त्या दिवशी समुद्रात होता. टोपली तिथेच टाकून ती धावत सुटली. अर्ध्या तासात अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर. संध्याकाळी भरतीबरोबर सगळ्या होड्या जशाच्या तशा परत आल्या, तेव्हा आपल्याच नावानं रडून दमलेल्या बायका बघून त्या दर्यावर्दींची दातखीळ बसली.

जाईबाई तडक गजूभाऊंच्या ओटीवर आली. "माजा मानूस जिता हाय आन् तुमी त्याला बुडवला? काय म्हनून? माज्या काळजाचं पानी झाला!"

मी आत टेबलापाशीच होतो. माझ्या अक्षरातला कागद समोर पडलेला. गजूभाऊ त्याच्यावर हळूच वही सरकवून बाहेर गेले आणि हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, जाईबाई. परत होणार नाही." मी आतच बसून राहिलो.

त्या दिवशी त्यांनी नियम केला. सरावाच्या प्रत्येक निरोपाला पुढे "सराव" आणि मागे "सराव" असा शब्द लावायचा. बाकीच्या मजकुरासारखा तोही जायचा इंग्रजीत, पण आमच्याशी बोलताना ते सराव असंच म्हणत. असा निरोप पलीकडच्यानं फक्त लिहून घ्यायचा, पोच द्यायची आणि फायलीत लावायचा. कोणाच्या घरी न्यायचा नाही. कृष्णमूर्तींनी नियम मान्य केला. पुढची तीन वर्षं एकही रविवार न चुकता गजूभाऊंचा हात पहिला शब्द तोच वाजवत आला.

मग ते वादळ आलं. भात कापणीला आलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी वारा सुटला आणि शनिवारी सकाळी बघतो तो विजेचे नवे खांब आडवे, तारेचे जुने खांबही आडवे, रुळांवर झाडं. पालघरशी संबंध तुटला, मुंबईशी तर तुटलाच.

आबा महिनाभर छातीनं आजारी होते. शनिवारी सकाळी त्यांचा श्वास लागला. आमचे थोरले बंधू विठ्ठल, म्हणजे दादा, लालबागला एका छापखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी दादानं वाडी बघायला परत यायला नकार दिला तेव्हा आबांनी त्याला सांगितलं होतं, "परत या फाटकातून आत पाय टाकू नको." तो आला नव्हता. दोघेही एकाच मातीचे.

त्या सकाळी आबांनी मला जवळ बोलावलं. "विठ्ठलला सांग," ते म्हणाले, "फाटक उघडा हाय म्हनावं."

शेजारचा चिंतामण सायकलवर टांग मारून तयार होता. मनोरपर्यंत जायचं, तिथून हमरस्त्यानं मिळेल त्या ट्रकनं मुंबई गाठायची आणि दादाला घेऊन यायचं. तेवढ्यात गजूभाऊ आले. धोतर चिखलानं भरलेलं, डोळे चमकत होते. "बांबू उभा केलाय," ते म्हणाले. "कृष्णमूर्ती ऐकताहेत. निरोप सांगा, मास्तर."

मी निरोप सांगितला. त्यांनी तो परत म्हणून दाखवला. मग ते किल्लीपाशी बसले आणि कडकट्ट सुरू झाली. बॅटरी शेवटचे श्वास घेत होती. गजूभाऊंच्या कपाळावर घाम. निरोप संपला, ते कान देऊन थांबले, आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "पोच आली," ते म्हणाले. "मास्तर, पोच आली!" त्यानंतर बॅटरी कायमची गेली.

मी चिंतामणला परत घरी पाठवला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी मुंबईकडून एक गाडी रखडत आली, असं कळलं. गजूभाऊ आबांच्या उशाशी बसून होते. "निघाला असेल विठ्ठल. पोच आलीय, आबा," असं ते दर थोड्या वेळानं सांगत. "पोच आली नं? मंग येल तो," आबा म्हणत आणि फाटकाकडे कान लावत. फाटक आम्ही दोरीनं बांधून सताड उघडं ठेवलं होतं. एकदा एक म्हैस आत शिरली. आबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. रविवारी दुपारी ते गेले.

सोमवारी तारा जोडल्या गेल्या. मी दादाला तार केली : आबा गेले. मंगळवारी तो आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला. "कळवलं का नाहीस आधी?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, शनिवारीच कळवलंय. त्याला काहीच मिळालं नव्हतं.

गजूभाऊंनी त्याच दिवशी माटुंग्याला सरकारी तार केली : निरोप पोचवला का? उत्तर आलं नाही. गुरुवारी कृष्णमूर्ती स्वतः आले. काडीसारखे किडकिडीत, हातात फायलीतला एक कागद. अंगणात दोघे समोरासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि ओळख पटायला दोघांनाही नाव सांगावं लागलं.

"मी समझला, वादळात पण प्रॅक्टिस करते," कृष्णमूर्ती म्हणाले. "मी इम्प्रेस झाला. गेट ओपन आहे म्हणजे काय, मला वाटला मास्टरचा काही गंमत." आणि ते आमच्या ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले.

कागदावर दादाचं नाव, छापखान्याचा पत्ता आणि निरोप. निरोपाच्या पुढे सराव, मागे सराव. गजूभाऊंच्या हातानं, सवयीनं, आपण होऊन ते शब्द वाजवले होते. त्यांना स्वतःला कळलंही नव्हतं.

"हा शब्द कशाला?" दादानं विचारलं.

"नियम माझा," गजूभाऊ म्हणाले. "चूक माझी."

माझा तोल गेला. "चिंतामण मनोरला निघाला होता!" मी ओरडलो. "तुमच्या पोचेवर विसंबून मी त्याला थांबवलं. आबा दीड दिवस फाटकाकडे कान लावून होते, गजूभाऊ! तुमचा खेळ झाला आणि माझा बाप वाट बघत गेला!"

गजूभाऊंनी मान खाली घातली. मग म्हणाले, "निरोप मिळाला." पोच मागितली नाही. कृष्णमूर्तींचा हात धरून ते गेले.

रविवारी बांबू उभा राहिला नाही. नऊ वाजता माझी नजर सवयीनं माडाकडे गेली, तिथे वायर नव्हती. जाईबाई समाचाराला आली होती. आबांबद्दल चार शब्द बोलली, मग खाली बघत म्हणाली, "मास्तर, तवा ती होडी तुमीच लिवली होती नं?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो.

"मला ठाव हाय. गजूभाऊला असा काय सुचनार हाय का? त्याला बोंबलाचा भाव करता येत नाय धड," ती म्हणाली. म्हणजे घासाघिशीचं खरं काय ते तिला केव्हाच कळलं होतं. बोंबील मात्र ती वर टाकतच राहिली होती.

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. होडी मी बुडवली. होडीमुळे नियम झाला. नियमामुळे तो शब्द त्यांच्या हातात बसला. अंगणात मी सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोललो, तेव्हा एका वाक्यात त्यांना मला गप्प करता आलं असतं. त्यांच्या तोंडून होडीचा 'ह'सुद्धा आला नाही. मला स्वतःची किळस आली. तरी त्यांच्या घरी जायला माझे पाय उचलेनात, तेराव्यापर्यंत उचलले नाहीत.

तेरावं झालं आणि रविवारी सकाळी दादा मुंबईला निघाला. हातात पिशवी, खिशात तो कागद. फाटकातून बाहेर पडून तो स्टेशनाच्या वाटेला न लागता गजूभाऊंच्या घराकडे वळला. मी मागोमाग गेलो.

गजूभाऊ ओटीवर बसले होते. दाढी वाढलेली. टेबलावरच्या सेटवर पंचा टाकलेला. दादानं पिशवी खाली ठेवली.

"गजूभाऊ, निरोप मिळाला," तो म्हणाला. "पोच द्यायला आलोय."

गजूभाऊंनी मान वर केली. जुन्या सवयीनं म्हणाले, "परत सांगा."

दादानं खिशातून कागद काढला आणि इंग्रजी मजकूर आमच्या मराठीत सावकाश वाचला. "आबा अत्यवस्थ. फाटक उघडं आहे. लगेच ये."

"पुढचा शब्द राहिला," गजूभाऊ म्हणाले. "मागचाही."

"तो मला आलाच नाही," दादा म्हणाला. "आबांचं एवढंच बोलणं माझ्याजवळ आहे, गजूभाऊ. यानं तार केली तिच्यात नुसतं 'गेले' होतं. तुम्ही हे पाठवलं नसतं, तर ते मला माफ करून गेले हे मी कोणाच्या तोंडचं खरं मानलं असतं?" वाकून त्यानं गजूभाऊंच्या पायांना हात लावला, कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि स्टेशनाच्या वाटेला लागला.

आम्ही दोघेच उरलो. मी म्हटलं, "गजूभाऊ, ती होडी माझी होती."

"कुठली होडी?" ते म्हणाले.

या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या तारा वेळेसकट पाठ होत्या. मी काही बोलायच्या आत ते उठून परसाकडे निघाले. "जरा बांबू धरा, मास्तर. एकट्याला पेलत नाही आता."

चिंतामणनं आपल्या रेडिओची बॅटरी आणून दिली. वायर चढली. सेटवरचा पंचा काढून गजूभाऊ टेबलाशी बसले, किल्लीवर हात ठेवला, आणि तो हात तसाच राहिला. नऊ वाजून गेले. पलीकडे कृष्णमूर्ती वाट बघत असणार.

"मास्तर," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आज सरावच आहे ना? घरात सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. सरावच आहे."

"परत सांगा."

"सरावच आहे, गजूभाऊ."

मग कडकट्ट सुरू झाली. त्यानंतर ते सात वर्षं होते. दर रविवारी नऊला त्यांनी मला हेच विचारलं, आणि मी दर रविवारी जाऊन तेवढंच सांगून आलो.